टाकीत गॅस आहे, तरी पहाटे भट्टी का मरते?

मार्गशीर्ष लागला की ही तक्रार सुरू होते आणि माघापर्यंत चालते. दत्तजयंतीचा महाप्रसाद, भागवत सप्ताहाचा काला, नाही तर लग्नाच्या पंगती. आचारी पहाटे चारला भट्टी पेटवतो. पहिल्या तासात जाळ जोरदार. मग वरणाच्या गंजाला उकळी येता येता जाळ बसायला लागतो, निळी ज्योत आखूड होते आणि शेवटी बर्नरच्या तोंडाशी नुसती फुरफुर उरते. टाकी हलवली तर आत डुचमळतं. मग फोन येतो, “भाऊ, टाकी कालच आणली, अर्धी बी नाई झाली. मंग जळत काऊन नाई?”

यानंतर सहसा दोन गोष्टी होतात. गॅसवाल्याने टाकीत पाणी भरून दिलं असा बोभाटा होतो, किंवा कोणी तरी पुढे होऊन टाकीवर उकळतं पाणी ओततो, टाकी आडवी करतो, तिच्याजवळ पऱ्हाट्या पेटवतो. पहिल्याने भांडण होतं, दुसऱ्याने जीव जाऊ शकतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी शेगड्या आणि भट्ट्या दुरुस्त करतो. या तक्रारीत बहुतेक वेळा मोडलेलं असं काहीच नसतं.

आधी एकच प्रश्न विचारा

जाळ पेटवल्यापासूनच कमी होता, की आधी चांगला होता आणि हळूहळू बसला?

पहिल्या मिनिटापासून कमी असेल तर दोष भट्टीत, रेग्युलेटरमध्ये किंवा नळीत शोधा. जेटच्या बारीक छिद्रात कचरा किंवा कोळ्याचं जाळं, नळीला पडलेली मोड, गंजाखाली दबलेली नळी, बर्नरच्या छिद्रांत उतू गेलेलं वरण वाळून बसलेलं. वर्षभर गोदामात पडलेली भट्टी थेट कार्यक्रमाला काढली की हे हमखास होतं. जेट काढून बारीक पिनेने साफ करा, छिद्र मोठं मात्र करू नका. नळी बदलायची वेळ झाली असेल तर बदला. एवढ्याने काम भागतं.

जाळ आधी चांगला असून तासा-दीड तासात बसत गेला असेल, तर टाकीच्या खालच्या भागाला हात लावा. हाताला झोंबेल इतकी गार लागेल. बाहेरून दव धरलेलं असेल, कधी पांढरा बर्फाचा थर. तो थर जिथपर्यंत आहे, साधारण तिथपर्यंत आत द्रव आहे. टाकी भरलेली आहे. ती फक्त फार गार पडली आहे.

खात्री करायची असेल तर टाकीचा वाल्व बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा. पुन्हा पेटवल्यावर जाळ सुधारला आणि थोड्या वेळाने परत बसला, तर हीच गोष्ट. जेट तुंबलेला असता तर तो थांबल्याने मोकळा झाला नसता.

टाकीत नेमकं काय चालतं

आपल्या टाकीत प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. दोन्ही मोकळ्या हवेत, आपल्या रोजच्या तापमानाला, वायूच असतात. दाबाखाली मात्र त्यांचा द्रव होतो. म्हणून घरगुती टाकीत, जिच्यात सुमारे ३३ लिटर पाणी मावेल, १४.२ किलो गॅस बसतो. तोच गॅस वायुरूपात ठेवायचा तर अडीचशेपट जागा लागली असती. टाकीत खाली द्रव असतो आणि वर थोडी मोकळी जागा, ती वाफेने भरलेली. भट्टीकडे जाते ती वरची वाफ. ती गेली की खालच्या द्रवातून नवी वाफ उठते. टाकीत सतत उकळणं चालू असतं, फक्त दिसत नाही.

उकळायला उष्णता लागते, आणि टाकीखाली जाळ नाही. मग उष्णता येते कुठून? आधी द्रवातूनच, टाकीच्या लोखंडातून, आणि त्यानंतर बाहेरच्या हवेतून. उन्हाळ्यात माठातलं पाणी पाझरून वाळताना माठ गार होतो, तेच इथे होतं, फक्त कितीतरी जोरात. एक किलो गॅसची वाफ व्हायला साधारण ३७० किलोज्यूल उष्णता लागते. तासाला एक किलो गॅस ओढायचा असेल तर टाकीला बाहेरून सतत सुमारे १०० वॅट उष्णता मिळायला हवी, म्हणजे एका जुन्या मोठ्या पिवळ्या बल्बाइतकी. उन्हाळ्यातली ४० अंशांची हवा ती सहज देते. पौषातली पहाटेची ८-९ अंशांची हवा देऊ शकत नाही. गोंदिया, नागपूर, वर्धा या पट्ट्यात पारा एक आकडी होणं नवीन नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. उघड्या वावरातल्या मांडवात त्याहून गार वाटावं अशीही रात्र असते.

हा हिशोब एकदा मांडून पाहा, म्हणजे अर्ध्या टाकीवर जाळ का बसतो ते कळेल. १९ किलोची टाकी पूर्ण भरलेली असताना एक किलो गॅस निघाला आणि बाहेरून काहीच ऊब मिळाली नाही, तर उरलेला द्रव आणि लोखंड मिळून साधारण ७ अंशांनी गार होतं. त्याच टाकीत पाच किलो उरले असताना तेवढाच एक किलो काढला, तर घट १८ अंशांच्या आसपास जाते. कारण ऊब देणारा द्रवच कमी उरलेला असतो. शिवाय द्रव जितका खाली, तितकी ओली भिंत कमी, म्हणजे हवेतली ऊब आत घ्यायलाही जागा कमी. प्रत्यक्षात हवेतून थोडी ऊब मिळत राहते म्हणून आकडे इतके कडक नसतात, पण दिशा हीच.

त्यात आणखी एक भर पडते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला. म्हणजे ब्यूटेनचं तापमान शून्याजवळ आलं की त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेइतकाच उरतो, त्याला बाहेर ढकलणारं काही राहत नाही. नव्या टाकीत प्रोपेनच्या जोरावर काम चालतं. पण प्रोपेन चपळ, वाफेत त्याचा वाटा जास्त जातो. टाकी खाली उतरत जाते तसतसा मागे ब्यूटेनचा भाग वाढतो. म्हणून तळाशी उरलेला गॅस नव्या टाकीतल्या गॅसपेक्षा जरा मंद असतो, आणि थंडीत तो नेमका हट्टाला पेटतो.

मग घरची शेगडी बरी कशी चालते?

हा प्रश्न हुशार माणूस विचारतोच. त्याच गावात, त्याच पहाटे, घरातल्या काकूंचा चहा होतो आणि मांडवातली भट्टी मरते.

याची कारणं दोन. घरच्या शेगडीचा बर्नर तासाला फार थोडा गॅस ओढतो, तेवढी ऊब टाकीला स्वयंपाकघरातल्या हवेतून मिळून जाते. आणि घरचा रेग्युलेटर टाकीतला दाब उतरवून अगदी थोडा, चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅमच्या आसपास, पुढे सोडतो. टाकीतला दाब बराच पडला तरी तेवढा दाब निघतोच. पुरता ब्यूटेन असला तरी १० अंशांना त्याचा बाहेरच्या हवेपेक्षा साधारण अर्धा किलो दाब शिल्लक असतो. शेगडीला तो भरपूर आहे. मोठ्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर मात्र किलो-दीड किलोच्या दाबावर काम करतो. टाकीतच तेवढा दाब नसेल तर रेग्युलेटर कितीही फिरवा, येणार कुठून? रेग्युलेटर पूर्ण उघडून “आता मोठा होईल” म्हणून वाट पाहणारे आचारी मी पाहिले आहेत. त्यात गैर काही नाही, फक्त उपयोग होत नाही.

म्हणूनच भट्टीच्या रेग्युलेटरवरचं मीटर पाहून टाकीत किती गॅस उरला ते ठरवू नका. टाकीत थोडासा जरी द्रव असेल, तरी दाब ठरतो तो तापमानावर आणि आतल्या मिश्रणावर. किती किलो उरले याचा त्यात पत्ता नसतो. दुपारी तेच मीटर चढेल, पहाटे उतरेल. किती उरलं हे फक्त वजन सांगतं. कापूस किंवा सोयाबीन मोजायचा काटा गावात सापडतोच. टाकीच्या वरच्या कड्याजवळ पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. काट्यावरच्या वजनातून ते वजा करा.

जे अजिबात करू नये

टाकी आडवी किंवा उलटी करू नका. यामागचा विचार मला कळतो: खालचा गॅस तोंडाकडे येईल. येतो, पण द्रव म्हणून येतो. रेग्युलेटर वाफेसाठी बनवला आहे. नळीत द्रव शिरला की तो पुढे जाऊन अडीचशेपट फुगतो आणि भट्टीतून माणसाच्या उंचीचा जाळ उठू शकतो. टाकी उभी असतानाही जर वाल्व आणि रेग्युलेटरवरच बर्फ धरत असेल, तर द्रव वर येत असल्याची शंका घ्या, वाल्व बंद करा आणि टाकी बदला.

उकळतं पाणी ओतू नका आणि जवळ शेकोटी पेटवू नका. यात काय घडतं ते समजून घ्या. हा द्रव तापला की पाण्याच्या मानाने साधारण दहापट जास्त फुगतो. म्हणूनच टाकी तोंडापर्यंत भरत नाहीत. १४.२ किलो म्हणजे सुमारे २६ लिटर द्रव, ३३ लिटरच्या टाकीत. वरची मोकळी जागा या फुगण्यासाठी सोडलेली असते. टाकीच्या एका बाजूला जाळ लागला तर जिथे आत द्रव नाही तिथलं लोखंड झपाट्याने तापतं, मऊ पडतं, आणि त्याच वेळी आतला दाब चढत असतो. मोठ्या दुर्घटना अशाच होतात. पऱ्हाटीचा जाळ किती उंच जातो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

गोणपाट किंवा घोंगडी गुंडाळू नका. ही चूक चांगल्या मनाने केली जाते. पण गोणपाट ऊब तयार करत नाही, फक्त अडवतो. आणि इथे ऊब बाहेरून आत यायची आहे. गुंडाळलेली टाकी उघड्या टाकीपेक्षा लवकर गार पडते. टाकीवरचा बर्फ खरवडत बसण्यातही अर्थ नाही. टाकीला थोडी विश्रांती द्या, तो आपोआप उतरतो.

आणखी एक, आणि मला यातली सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. जाळ बसत बसत विझतो. आचारी वैतागून दुसऱ्या कामाला लागतो आणि भट्टीचा कॉक तसाच उघडा राहतो. सूर्य वर येतो, टाकी हळूहळू सावरते, दाब परत येतो आणि न पेटलेला गॅस शांतपणे बाहेर पडत राहतो. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोनपट जड, त्यामुळे तो जमिनीलगत पसरतो, चरात, खड्ड्यात, कनातीच्या आड साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली असतानाही तो पेट घेऊ शकतो. मग कोणी तरी बिडी पेटवतो. म्हणून जाळ मेला की पहिलं काम: टाकीचा वाल्व बंद. भट्टीचा कॉक त्यानंतर. बाकी चर्चा मागाहून.

विझण्याआधी ज्योत कधी कधी फट् आवाज करून बर्नरच्या आत जाते आणि नळ्यात जळायला लागते. दाब कमी झाल्याने असं होतं. तेव्हाही तेच, वाल्व बंद करून बर्नर निवू द्या.

उपाय काय

भट्टी मोठी आणि टाकी एक, हे गणितच हिवाळ्यात जमत नाही. आधी आपली भट्टी तासाला किती गॅस खाते ते एकदा मोजा. टाकी काट्यावर ठेवा, तासभर भट्टी चालवा, परत काट्यावर ठेवा. माझा ठोकताळा असा की कडाक्याच्या थंडीत १९ किलोच्या एका टाकीकडून सलग कित्येक तास, तासाला अर्ध्या किलोहून जास्त अपेक्षा ठेवू नये. थोडा वेळ ती जास्त देईल, मग दमेल. भट्टी तासाला दीड किलो खात असेल तर तीन टाक्या एकत्र चालल्या पाहिजेत.

एकत्र म्हणजे दोन-तीन टाक्या एकाच पाइपला जोडायची तयार जोडणी असते, प्रत्येक टाकीला वेगळा वाल्व असलेली. ती एजन्सीच्या माणसाकडूनच बसवून घ्या. मोटारसायकलची नळी आणि तार वापरून केलेले जोड मी पाहिले आहेत, ते नकोत. जोडणी असली की प्रत्येक टाकीवरचा भार वाटला जातो, तिन्ही कमी गार पडतात आणि तिन्हींतला गॅस तळापर्यंत वापरला जातो. खर्चाचा विचार केला तरी, अर्ध्या भरलेल्या टाक्या परत पाठवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

जोडणी नसेल तर टाक्यांची पाळी लावा. एक गार पडली की वाल्व बंद करून तिला मोकळ्या हवेत उभी ठेवा, दुसरी लावा. ऊन वर येईपर्यंत पहिली पुन्हा कामाची होते. नवी, भरलेली टाकी पहाटेसाठी ठेवा आणि अर्धी संपलेली दुपारच्या बुंदीसाठी. बरेच जण नेमकं उलट करतात, “आधी जुनी संपवू” म्हणून. हिवाळ्यात हा एवढा क्रम बदलला तरी अर्धी तक्रार मिटते.

टाकी ओल्या मातीवर न ठेवता फळीवर ठेवा, उभी, चारही बाजूंनी हवा खेळेल अशी, भट्टीची धग लागणार नाही इतक्या अंतरावर. वारा अडवायला ताडपत्री बांधायची तर भट्टीच्या बाजूला बांधा, तीही खालून हातभर उघडी ठेवून. टाक्यांभोवती कनात नको. टाकी टबातल्या पाण्यात ठेवण्याचा सल्लाही काही जण देतात. मी देत नाही. तळाची कडी गंजते, टाकी डगमगते, आणि पाणी “जरासं गरम” करता करता कोण किती गरम करेल याचा भरवसा नाही.

आणि स्वयंपाक थोडा वाटून घ्या. डाळ रात्री भिजत घातली तर पहाटे गॅस कमी लागतो. भाताचा मोठा गंज चुलीवर जाऊ शकतो, तुराट्या आणि लाकूड गावात आहेच. चूल मांडवाच्या एका टोकाला, टाक्या दुसऱ्या टोकाला. एका प्रचंड भट्टीऐवजी दोन मध्यम भट्ट्या दोन टाक्यांवर चालवल्या तरी जाळ टिकतो.

घरगुती टाक्या कार्यक्रमाला लावणं नियमात बसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्यापलीकडे, त्यांत द्रवही कमी असल्याने त्या १९ किलोच्या टाकीपेक्षा लवकर गार पडतात. म्हणजे त्रास कमी न होता वाढतो.

“टाकीत पाणी भरलंय”

या आरोपाचा निकाल भांडून लावू नका, काट्यावर लावा. न जळणारी टाकी सावलीत, मोकळ्या हवेत दुपारपर्यंत राहू द्या, मग घरच्या साध्या शेगडीवर लावून पाहा. बहुतेक वेळा ती पेटते आणि आणखी काही दिवस चालते. तुम्ही ऐकलेली डुचमळ गार ब्यूटेनची होती. तळाला अगदी थोडा तेलकट गाळ राहू शकतो, तो जळत नाही. पण दुपारच्या उबेतही शेगडी पेटत नसेल आणि काट्यावर रिकाम्या टाकीच्या वजनापेक्षा किलो-दोन किलो जास्त भरत असतील, तर तक्रार रास्त आहे. टाकी आणि वजनाची नोंद घेऊन वितरकाकडे जा. टाकी घरी येते तेव्हाच वजन करून मागण्याचा हक्कही तुम्हाला आहे. आणणाऱ्याकडे काटा असायला हवा. मागायला संकोच करू नका.

उन्हाळ्यात हा त्रास नाही, पण वेगळा येतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ऊन लागणाऱ्या टाकीतला दाब खूप चढतो आणि वाल्वमधली झिजलेली रबरी रिंग, जी हिवाळ्यात निमूट बसली होती, सूं आवाज करायला लागते. टाकी सावलीत ठेवा. नवी टाकी लावताना टोपी काढल्यावर वाल्वजवळ साबणाचं पाणी लावून पाहा. बुडबुडे आले तर ती लावू नका, टोपी परत बसवा, टाकी उघड्यावर नेऊन उभी ठेवा आणि १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा. काडी पेटवून गळती शोधायची नाही, आणि तेवढ्या वेळात खोलीतलं विजेचं बटणही चालू-बंद करायचं नाही.